सहा वर्कस्टेशनचं एकच वॉटर कूलिंग: उष्णता गाळ्याबाहेर कशी टाकायची?

गाळा_१४
अंधेरी पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे, आतली खोली १२ बाय १८ फूट. रेंडरिंगची सहा मशीन आहेत. प्रत्येकात रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड. पूर्ण लोडवर प्लगपाशी मोजलं तर मशीनमागे ५५० वॉट, म्हणजे एकूण ३३०० वॉट. दीड टनाचे दोन एसी आहेत. रात्रभर रेंडर लावला की दोन्ही चालू ठेवावे लागतात, तरी खोली तापलेलीच.

सहाही मशीनला वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) बसवून पाणी एकाच सर्किटमधून फिरवायचं आणि रेडिएटर खिडकीबाहेर ग्रीलमध्ये ठेवायचा, असा विचार आहे. मशीनच्या रांगेपासून खिडकी पाइपच्या मापाने १० मीटर. विचारायचं ते असं:
पंप एक की प्रत्येकी वेगळा?
रेडिएटर केवढा आणि कशाचा?
पाइप कुठला?
आणि चिलर (एसीसारखं पाणी गार करणारं मशीन) लावावा का? दुकानदार चिलरच घ्या म्हणतोय.

तांबेपितळ
आधी हिशेब. तो जमला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

५५० वॉटपैकी सगळे पाण्यात जात नाहीत. पॉवर सप्लाय, रॅम, मदरबोर्डचे व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारे भाग), एसएसडी यांची उष्णता खोलीतच राहते. सीपीयू आणि कार्डाला ब्लॉक लावले की साधारण तीन चतुर्थांश पाण्यात जाईल. मशीनमागे ४१५ वॉट धरा, सहांचे २५००. उरलेल्या ८०० वॉटना एसी लागणारच, पण एक पुरेल. दुसरा बंद झाला की फायदा तिथे आहे. २५०० वॉट उपसायला एसी ढोबळमानाने ८०० वॉट वीज खातो. पंप आणि बाहेरचा पंखा मिळून दोनशेच्या आत राहतात.

आता पाणी. १ लिटर पाणी मिनिटाला वाहत असेल आणि ते १ अंशाने तापत असेल तर ते ७० वॉट नेतं. एवढा एक आकडा पाठ ठेवा. २५०० ला ७० ने भागलं की ३६. म्हणजे मिनिटाला ९ लिटर वाहिलं तर पाणी ४ अंशांनी तापेल, १८ लिटर वाहिलं तर २ अंशांनी. प्रवाह दुप्पट करून मिळाले फक्त २ अंश, आणि त्यासाठी पंपाला जवळपास चौपट दाब द्यावा लागतो. म्हणून मशीनमागे दीड लिटर, एकूण ९ लिटर प्रतिमिनिट हे लक्ष्य धरा आणि तिथे थांबा.

लॅमिंग्टन_चक्कर
रेडिएटर बाहेर म्हणजे मे महिन्यात ३४-३५ अंशांची हवा. त्याने काय थंड होणार? चिलरच बरा. १८ अंशांचं पाणी सोडा, मशीन गारेगार.

दवबिंदू
लॅमिंग्टन_चक्कर, मुंबईत हाच सल्ला सगळ्यात महागात पडतो.

जुलैत बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटणार. एसी चालू असलेल्या खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १४ वर उतरतो, म्हणून १८ अंशांचं पाणी तिथे सुरक्षित वाटतं. पण एसी बंद पडला, कोणी दार उघडं ठेवलं किंवा रविवारी एसी बंद ठेवून रेंडर चालू ठेवला की खोलीतली हवा हळूहळू बाहेरच्यासारखी होते. चिलर मात्र इमानदारीत १८ अंश देत बसतो. मग ब्लॉकच्या पाठीमागे, सॉकेटच्या पिनांमध्ये, कार्डाच्या बॅकप्लेटखाली दव धरतं. कुठून गळतंय ते शोधत बसाल, आणि गळत कुठेच नसेल. भिंतीतून गेलेल्या पाइपवरही हेच होतं, छताला ओल दिसायला लागते.

बाहेरच्या हवेवर थंड होणारं पाणी त्या हवेपेक्षा गारच होऊ शकत नाही. त्यामुळे दवबिंदूच्या खाली जाण्याचा प्रश्नच येत नाही. कंट्रोलर नको, सेन्सर नको, इन्सुलेशन नको.

आणि गरम पाण्याने बिघडतं काय? मे महिन्याचं गणित मांडू. हवा ३४, रेडिएटरने ८ अंशांचा फरक ठेवला तर पाणी ४२. ३०९० चा कोअर चांगल्या ब्लॉकखाली पाण्यापेक्षा १५ ते २० अंश वर राहतो, म्हणजे ६० च्या आसपास. ५९५०एक्स १४२ वॉट ओढत असताना पाण्यापेक्षा ३०-३५ वर, म्हणजे ७५. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या बऱ्याच खाली. आयबीएमने २०१० मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ॲक्वासार नावाचा सुपरकॉम्प्युटर ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालवून दाखवला. डेटा सेंटरसाठी ॲश्रेने (वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकन संस्था) पाण्याचे जे वर्ग ठरवलेत त्यातही डब्ल्यू४० आणि डब्ल्यू४५ आहेत, म्हणजे इमारतीकडून येणारं पाणी ४० आणि ४५ अंशांपर्यंत चालतं. गार पाण्याचा सोस सोडा.

लॅमिंग्टन_चक्कर
बरं, चिलर राहू द्या. मग कूलिंग टॉवर? गच्चीवर छोटा एफआरपीचा (फायबरग्लासचा) टॉवर बसतो. त्यातलं पाणी हवेपेक्षाही गार होतं.

दवबिंदू
होतं, पण मुंबईत किती? टॉवरची मर्यादा वेट बल्ब तापमानाची (ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते). ते मे ते सप्टेंबर २६ ते २८ अंशांच्या दरम्यान घोटाळतं. छोटा टॉवर त्याच्या वर ३-४ अंशांवर थांबतो, म्हणजे पाणी ३०-३१. नागपूरला मे महिन्यात टॉवर कमाल करतो. इथे तुम्हाला दहाएक अंश मिळतील, आणि बदल्यात उघडं पाणी पदरात. धूळ, शेवाळ, बाष्पीभवनाने दाट होत जाणारे क्षार, शिवाय न्यूमोनिया करणारा लीजिओनेला जंतू. ते पाणी थेट ब्लॉकमध्ये सोडता येतच नाही, मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारा) घालावा लागतो. २५०० वॉटसाठी एवढा संसार थाटायचं कारण नाही.

तांबेपितळ
+१. आता रेडिएटर.

कॉम्प्युटरचे रेडिएटर घ्यायचे तर ढोबळ नियम असा: १२० मिमीच्या एका पंख्याएवढा भाग, हवा आणि पाण्यात १० अंश फरक असताना, १०० वॉट टाकतो. २५०० वॉटला २५ पंखे. तीन पंख्यांचे आठ-नऊ रेडिएटर जोडत बसण्यात अर्थ नाही, आणि बाहेरच्या पावसात ते टिकणारही नाहीत.

इथे गाडीचा रेडिएटर कामाला येतो. त्याची क्षमता याच्या कितीतरी पट असते. पण कुर्ल्याला सीएसटी रोडवर सहज हाताला लागतो तो हल्लीच्या गाड्यांचा ॲल्युमिनियमचा, वर प्लॅस्टिकच्या टाक्या. तो घेऊ नका. ब्लॉक तांब्याचे, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि मध्ये पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. पाण्यात उतरलेलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि तिथे खड्डे पाडतं. आधी पाणी गढूळ होतं, मग ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरट चिखल भरतो, शेवटी रेडिएटरला टाचणीएवढी भोकं. इनहिबिटर (गंजरोधक रसायन) घालून हे लांबवता येतं, थांबवता येत नाही.

मागायचा तो कॉपर-ब्रासचा. जुन्या ट्रकचा, ट्रॅक्टरचा किंवा छोट्या डिझेल जनरेटरचा. रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर नवीन तांब्याचा कोअर (नळ्या आणि फिनचा गाभा) घालून देतात, पाइपची तोंडंही हव्या त्या मापाची डाग देऊन बसवतात. १८ बाय १८ इंचांचा, तीन ओळींचा कोअर या कामाला भरपूर. तोंडं १ इंचाची करून घ्या आणि वरच्या टाकीला हवा काढायला छोटा कॉक.

डाग देताना वापरलेला फ्लक्स आम्ल असतो, तो आत राहता कामा नये. गरम पाण्याने धुवा, मग पातळ सायट्रिक ॲसिड भरून अर्धा तास ठेवा, पुन्हा भरपूर पाणी, शेवटी डिस्टिल्डने दोनदा.

मळभ
दुसरा पर्याय: एसीचा कंडेन्सर. नळ्या तांब्याच्या, फिन ॲल्युमिनियमचे. पाण्याला ॲल्युमिनियम लागतच नाही, त्यामुळे वर सांगितलेली भानगड नाही. पण नळ्या बारीक आणि लांबलचक, सरळ जोडला तर पंपाचा जीव जाईल. एसीवाल्याकडून सर्किट तोडून चार-सहा समांतर करून घ्या आणि आतलं कॉम्प्रेसरचं तेल नीट धुवून घ्या.

समुद्राजवळ असाल तर फिनवर कोटिंग असलेलाच. वर्सोवा, दादर, वरळीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत साधे ॲल्युमिनियमचे फिन खाऱ्या वाऱ्याने भुगा होतात. अंधेरी पूर्वेला तेवढा त्रास नाही.

तांबेपितळ
बरोबर. पंख्याचंही सांगतो. २५०० वॉट टाकताना हवा ६ अंशांनी तापू द्यायची तर तासाला साधारण १२५० घनमीटर हवा लागते. १२ इंची एक्झॉस्ट फॅन मोकळ्या हवेत त्याहून जास्त देतो, पण रेडिएटरच्या अडथळ्यापुढे बराच कमी होतो. म्हणून असे दोन, किंवा एक १५ इंची. पंखा कोअरला चिकटवू नका. पत्र्याचा हूड करून मध्ये ३ इंच अंतर ठेवा, नाहीतर पंख्यासमोरच्या गोलातूनच हवा जाईल आणि कोपरे कोरडे बसतील.

आणि कबुतरं! ग्रीलमध्ये उबदार जागा दिसली की आठवड्याभरात काड्या. हवा आत ओढली जाते त्या बाजूला नायलॉनची कबुतरजाळी, कोअरपासून निदान फूटभर लांब. पिसं जाळीवरच अडकली पाहिजेत, कोअरवर अडकली तर ब्रशने काढताना फिन वाकतात.

गाळा_१४
छान माहिती मिळतेय. कॉपर-ब्रासचा रेडिएटर नक्की. सोसायटीने ग्रीलमध्ये ठेवायला परवानगी दिली आहे, गच्चीवर मात्र नाही.

प्रेशरगेज
गच्चीवर नाही म्हणाले ते बरंच झालं. बंद सर्किटमध्ये पाणी वर चढवायला पंपाला जास्त ताकद लागत नाही, वर जाणाऱ्याला खाली येणारं पाणी तोलून धरतं. पण दाब कुठे जातो? दर १० मीटर उंचीला १ बार. गच्ची चार मजले वर असेल तर ब्लॉकवर सव्वा बार कायमचा. कॉम्प्युटरचे ॲक्रिलिकच्या झाकणाचे ब्लॉक आणि ओ-रिंग एवढ्यासाठी केलेल्या नसतात.

जुळणी अशी करा. टाकी सगळ्यात वर, रेडिएटरच्या माथ्यापेक्षाही वर, माळ्याच्या उंचीवर. पंप जमिनीवर. टाकीतून पाणी सरळ खाली पंपात, पंपातून मशीनकडे, मशीनकडून रेडिएटरला, रेडिएटरमधून परत टाकीत. यात दोन गोष्टी साधतात. पंपाच्या तोंडाशी कायम अडीच मीटरचा दाब राहतो, हवा ओढायचा प्रश्न नाही. आणि सर्किटमध्ये कुठेही दाब वातावरणापेक्षा खाली जात नाही. टाकी खाली आणि रेडिएटर वर ठेवला तर वरच्या भागात ओढ निर्माण होते. मग हवा काढायला बसवलेला कॉकच हवा आत घेतो, आणि पंप बंद होताच वरचं सगळं पाणी टाकीत उतरून जमिनीवर.

टाकी मोठी नको. ४ इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा उभा करा, खाली-वर कॅप. ५ लिटर मावतं. सगळं मिळून २० लिटर पाणी असेल तर २५ वरून ४५ अंशांपर्यंत तापताना ते जेमतेम १४० मिली फुगतं, म्हणजे वर लिटरभर जागा मोकळी ठेवली की झालं. उभी आणि अरुंद टाकी मुद्दाम: १ लिटर गेलं की पातळी १२ सेंटिमीटरने उतरते, बाहेर लावलेल्या पारदर्शक नळीत लगेच दिसते. आडव्या ड्रममध्ये तेवढं पाणी गेलेलं कळतही नाही. परतीचा पाइप पाण्याच्या पातळीखाली सोडा, वरून धार पडली तर बुडबुडे थेट पंपात जातील.

नळबाजार
पाइपचं मी लिहितो.

मुख्य जाण्या-येण्याचा पाइप १ इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप). आतला व्यास २३ मिमीच्या जरा वर, ९ लिटर प्रतिमिनिटाला १० मीटर जाणं आणि १० मीटर येणं मिळून अडथळा नगण्य. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) अजिबात नको, जस्त पाण्यात उतरतं. सोल्युशन लावल्यावर २४ तास थांबून मगच धुवा. जॉइंटच्या आत ओघळलेलं सोल्युशन सुकून त्याचे पापुद्रे सुटतात आणि नेमके ब्लॉकच्या खाचांत जाऊन बसतात.

सहा मशीन समांतर जोडायची, एकामागोमाग एक नाही. एकामागोमाग जोडली तर सगळ्यांचा अडथळा बेरजेत जातो, शेवटच्याला सगळ्यात गरम पाणी, आणि एक काढायचं तर सहाही बंद. समांतर जोडताना एक युक्ती पाळा: पुरवठा ज्या मशीनला सगळ्यात आधी मिळतो, त्याची परतीची जोडणी सगळ्यात शेवटी निघाली पाहिजे. म्हणजे पुरवठा डावीकडून आला तर परतीचा पाइप उजवीकडे जाऊन मग वळतो. प्रत्येक मशीनची वाट सारख्याच लांबीची झाली की प्रवाह आपोआप सारखा वाटला जातो. एक जादा पाइप पडतो, पण कॉक पिळत बसावं लागत नाही.

दर मशीनला पुरवठ्यावर एक आणि परतीवर एक असे अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह. एकूण १२, आणि दोन जादा फाटे बूच लावून ठेवा. सातवं मशीन येतंच.

रेंडरराणी
नळबाजार, व्हॉल्व्हपासून मशीनपर्यंत काय वापरायचं? नागदेवी स्ट्रीटला हवेच्या लाइनचे पुश फिटिंग आणि पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब अगदी स्वस्त मिळतात.

नळबाजार
चालतात, पण तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा ताई.

एक, आटे. कॉम्प्युटरच्या ब्लॉकला जी १/४ म्हणजे पाव इंची समांतर बीएसपी आटे असतात आणि सील ओ-रिंगने होतं. हवेच्या लाइनचे बरेच फिटिंग टेपर आट्यांचे, पांढरा लेप लावलेले. तेही आधी बसल्यासारखे वाटतात, पाचरीसारखे घट्ट होत जातात आणि ॲक्रिलिकचा ब्लॉक तडकतो. कधी लगेच, कधी पाणी तापल्यावर. दुकानात फिटिंग उलटं करून बघा: आट्याच्या मुळाशी ओ-रिंग दिसली तरच घ्या. ब्लॉकवर टेफलॉन टेप कधीच नाही, आणि पान्याने नाही, हातानेच आवळा.

दोन, ट्यूब. पीयूमध्ये दोन जाती. पॉलिएस्टरवाली गरम पाण्यात वर्षभरात चिकट होऊन फुटते, पॉलिईथरवाली टिकते. दुकानदाराला सांगता येत नसेल तर सोडून द्या. सगळ्यात निर्धास्त ईपीडीएम रबराची काळी नळी, १० मिमी आतून. दिसायला काही नाही, पण पारदर्शक पीव्हीसीसारखं तिच्यातून प्लास्टिसायझर सुटून ब्लॉकमध्ये मेणकट थर बसत नाही. सिलिकॉनमधून पाणी हळूहळू उडून जातं.

तीन, क्विक कपलिंग. हवेचे कपलिंग एकाच बाजूने बंद होतात. पाण्यावर लावून काढले की दुसऱ्या बाजूचं सगळं पाणी मदरबोर्डवर. दोन्ही बाजूंनी बंद होणारे, ड्राय ब्रेक प्रकारचेच हवेत. मशीनला दोन जोड्या, सहांना बारा. ब्लॉक सोडले तर सगळ्यात मोठा खर्च हाच. कंजूषपणा करायचा असेल तर हूडच्या पत्र्यावर करा, यावर नको.

लॅमिंग्टन_चक्कर
पंप? कूलरचा १८ वॉटचा सबमर्सिबल स्वस्तात मस्त :)

प्रेशरगेज
:) त्याचा हेड (पाणी किती उंच ढकलतो ते) दीड-दोन मीटर, तोही प्रवाह शून्य असताना. आपल्याला काय लागतं? दोन ब्लॉक आणि कपलिंगच्या दोन जोड्या, दीड लिटरला दीड ते अडीच मीटर. पाइप, रेडिएटर, गाळणी मिळून एक. म्हणजे ९ लिटर प्रतिमिनिटाला साडेतीन मीटर.

दोन रस्ते. कॉम्प्युटरचे डी५ पंप दोन, एकामागोमाग. एक बंद पडला तरी दुसरा त्याच्यातून पाणी ढकलतो, प्रवाह घटतो पण थांबत नाही. १२ व्होल्टवर चालतात, वेगाचा सिग्नल देतात. किंवा सोलर आणि हॉट वॉटरच्या कामाचा सर्क्युलेटर: ग्रुंडफोस यूपीएस २५-६० किंवा विलो स्टार आरएस २५/६. नावातला २५ म्हणजे जोडणीचं माप, ६० म्हणजे ६ मीटर हेड, विलोच्या ६ चाही अर्थ तोच. साधा मॉडेल बिडाच्या बॉडीचा असतो, त्याचा काळा गाळ ब्लॉकमध्ये जातो. स्टेनलेस बॉडीचाच घ्या, ग्रुंडफोसमध्ये त्याच्या नावापुढे 'एन' असतं.

रात्री कोणी नसताना रेंडर चालणार असेल तर माझं मत दोन डी५ ला. सर्क्युलेटर दणकट आहे, पण तो एकटा असतो.

पंपाआधी पितळी वाय स्ट्रेनर (गाळणी), ८० मेशची म्हणजे इंचाला ८० भोकांची जाळी. ब्लॉकच्या खाचा मिलिमीटरच्या पाव भागाएवढ्या असतात, ८० मेश त्याहून बारीक. साध्या नळाच्या स्ट्रेनरची जाळी जाडी असते, बदलून घ्या.

शंकासुर
सगळं वाचलं. एक मूलभूत शंका. एका मशीनची ओ-रिंग गेली तर वीसच्या वीस लिटर त्याच मशीनवर आणि उरलेली पाचही बंद. प्रत्येक मशीनला आपापलं छोटं सर्किट आणि मध्ये प्लेट एक्स्चेंजर हे जास्त शहाणपणाचं नाही का? मशीनमध्ये जेमतेम पाऊण लिटर पाणी राहील.

दवबिंदू
शंका रास्त आहे. डेटा सेंटरमध्ये असंच असतं, इमारतीचं पाणी वेगळं आणि रॅकमधलं वेगळं. पण तिथेही मध्ये एकच एक्स्चेंजर रॅकभराला असतो, दर सर्व्हरला नाही. इथे सहा पंप, सहा टाक्या, सहा एक्स्चेंजर म्हणजे गळायच्या जागा तिपटीने वाढल्या, आणि एक्स्चेंजरमागे ३-४ अंश गेले ते वेगळेच. सहा मशीनला एकच सर्किट ठीक. पंधरा-वीस असती तर तुमचं म्हणणं मानलं असतं.

वीस लिटर एकदम येणार नाहीत याची व्यवस्था मात्र हवी. टाकीत फ्लोट स्विच, पातळी १० सेंटिमीटर उतरली की पंप बंद. पुरवठ्याच्या मुख्य पाइपवर, टाकीच्या लगेच खाली, वीज गेल्यावर आपोआप मिटणारा मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह. सोलेनॉइड नको, त्याचा अडथळा फार.

फेज_न्यूट्रल
विजेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मशीन यूपीएसवर आणि पंप साध्या प्लगवर, हे हटकून घडतं. वीज गेली की मशीन चालू, पाणी उभं. सीपीयू मिनिटभरात वेग कमी करून स्वतःला वाचवतो, कार्डही, पण ब्लॉकमधलं पाणी मात्र उकळीकडे जातं आणि ट्यूब मऊ पडते. पंप आणि मोटराइज्ड व्हॉल्व्ह त्याच यूपीएसवर हवेत. बाहेरचा पंखा नसला तरी काही मिनिटं निभतं, वीस लिटर पाण्याला २५०० वॉट मिनिटाला दोन अंशांनीसुद्धा तापवत नाहीत.

मुख्य पाइपवर फ्लो स्विच आणि पाण्यात १०के चा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर). दोन्ही एका ईएसपी३२ ला (छोटा वायफाय कंट्रोलर बोर्ड). प्रवाह १० सेकंद थांबला किंवा पाणी ५० अंशांवर गेलं की नेटवर्कवरून सहाही मशीनना शटडाऊन. मिनिटभरात बंद झाली नाहीत तर कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणारा मोठा स्विच) सप्लाय तोडायचा.

आता अर्थिंग. पाइप प्लॅस्टिकचे असले तरी रेडिएटर, व्हॉल्व्ह, ब्लॉक धातूचे आणि मध्ये इनहिबिटर घातलेलं, म्हणजे वीज वाहणारं पाणी. सहा मशीन दोन वेगळ्या फेजवर आणि जुन्या इस्टेटमध्ये असतं तसं एका सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं, तर त्या मशीनच्या कॅबिनेटचा करंट पाण्यातून दुसरीकडे जायला वाट शोधतो आणि जाता जाता ब्लॉकवरचा निकेलचा मुलामा खातो. सहाही मशीन एकाच फेजवर आणि एकाच बोर्डवर घ्या, रेडिएटर आणि त्याचा हूड ४ चौरस मिमीच्या हिरव्या वायरने त्याच अर्थला बांधा. बाहेरच्या पंख्याला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) वेगळा. पावसाळ्यात तो ट्रिप झाला तर पंखाच बंद व्हावा, मशीन नव्हेत.

रेंडरराणी
पाणी कुठलं भरायचं? एसीचं ठिबकणारं पाणी डिस्टिल्डच असतं ना? रोज बादलीभर फुकट मिळतं.

मळभ
क्षार कमी असतात, पण ते कॉइलवरची धूळ, बुरशी आणि ॲल्युमिनियम धुऊन आलेलं असतं. कुंड्यांना घाला. आरओचंही नको, त्यात विरघळलेले क्षार थोडे तरी उरतातच. टँकरचं आणि बोअरचं तर लांबच ठेवा, त्यातल्या क्लोराइडने निकेलला फोड येतात.

डीआयोनाइज्ड पाणी २० लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. रसायनं विकणाऱ्या दुकानातून घ्या आणि टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा, ० ते २ च्या वर गेलं तर परत करा. दोन कॅन लागतील, एक धुवायला आणि एक भरायला. त्यात तांब्यासाठी इनहिबिटर आणि बायोसाइड (जंतुनाशक) असलेलं कॉम्प्युटर कूलंटचं कॉन्सन्ट्रेट, बाटलीवरच्या प्रमाणात. किंवा २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकोल, इनहिबिटरसह. मुंबईत पाणी गोठायची चिंता नाही, ग्लायकोल इथे जंतूंसाठी असतं. पण २० टक्क्यांच्या खाली आलं तर तेच जंतूंचं खाद्य होतं, म्हणून पातळी उतरली की नुसतं पाणी ओतत राहू नका. रंगीत आणि चमकीवालं कूलंट नको. चांदीची कॉइल टाका असं कोणी सांगेल, निकेलच्या ब्लॉकबरोबर तीही नको.

प्रेशरगेज
भरण्याआधीची चाचणी हवेवर, पाण्यावर नव्हे. आधी ब्लॉक न जोडता, पुरवठा आणि परती नळीच्या तुकड्याने जोडून मुख्य पाइप धुवा आणि स्ट्रेनर उघडून बघा. पांढरे कण यायचे थांबेपर्यंत हेच. मग ब्लॉक जोडा, टाकीचं तोंड बंद करा, सायकलच्या पंपाने ०.५ बार हवा भरा आणि अर्धा तास गेज बघा. एसी त्या वेळात चालू-बंद करू नका, हवेचं तापमान बदललं की काटा हलतो आणि उगाच गळती शोधत बसाल. काटा उतरला तर एकेक मशीनचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करत जा, दोषी फाटा सापडतो. साबणाचं पाणी फक्त बाहेरच्या जॉइंटवर, कॅबिनेटच्या आत नाही.

भरताना सहाही मशीन बंद, पंप वेगळ्या १२ व्होल्ट सप्लायवर. पाच फाटे बंद ठेवून एकच उघडा म्हणजे पूर्ण जोर त्यातून जातो आणि ब्लॉकमधली हवा निघते. दोन मिनिटांनी पुढचा. सगळे एकदम उघडले तर हवा धरलेल्या फाट्यातून पाणी जातच नाही, बाजूच्या मोकळ्या फाट्यातून निघून जातं, आणि वरून सगळं ठीक दिसतं. शेवटी रेडिएटरच्या वरच्या कॉकमधून धार लागेपर्यंत हवा काढा. पंप रात्रभर चालू ठेवून खाली वर्तमानपत्र अंथरा.

गाळा_१४
यादी करतोय, तपासून द्या:
कॉपर-ब्रास रेडिएटर १८ x १८, तीन ओळी, १ इंची तोंडं. एक्झॉस्ट फॅन १२ इंची दोन. डी५ दोन, एकामागोमाग. ४ इंची पीव्हीसीची टाकी, फ्लोट स्विच. १ इंची सीपीव्हीसी ३० मीटर. अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह १६. ड्राय ब्रेक कपलिंग १२ जोड्या. ईपीडीएम नळी १० मिमी २५ मीटर. वाय स्ट्रेनर एक. मोटराइज्ड व्हॉल्व्ह एक. डीआय पाणी ४० लिटर.

कुठल्या मशीनला किती पाणी जातंय हे कसं मोजायचं? सहा फ्लो मीटर घ्यायचे का?

नळबाजार
यादीत तीन भर. स्ट्रेनर साफ करताना सर्किट रिकामं करावं लागू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना १ इंची बॉल व्हॉल्व्ह, सर्वात खालच्या जागी अर्धा इंची ड्रेन कॉक, आणि कपलिंगची एक जोडी जादा. ओ-रिंगचा डबाही घ्या, ईपीडीएमच्या.

फ्लो मीटर सहा नकोत. भरण्याआधी धुताना प्रत्येक परतीची नळी मापाच्या जगमध्ये सोडा. १ लिटर भरायला ४० सेकंद लागले की दीड लिटर प्रतिमिनिट.

फेज_न्यूट्रल
आणि नंतर, चालू असताना, तापमानावरून. सहाही मशीनना एकच रेंडर लावा आणि प्रत्येक फाट्याच्या पुरवठा आणि परतीच्या पितळी व्हॉल्व्हवर काळी टेप चिकटवून त्या टेपवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत पितळावर धरला तर तो भलतंच सांगतो. फरक ४ अंश आला पाहिजे. एखाद्याला ७-८ आला तर त्या फाट्यात हवा आहे किंवा ब्लॉकमध्ये कचरा. सगळ्यांनाच ७ आला तर स्ट्रेनर उघडा.

गाळा_१४
वाचनखूण साठवली. पाणी किती दिवसांनी बदलायचं?

मळभ
वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, उकाडा चढायच्या आत. त्याच वेळी कोअर उलट्या बाजूने पाण्याच्या साध्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने फिन झोपतात. पहिल्या वर्षी मात्र महिन्याने एकदा स्ट्रेनर उघडून बघा. जाळीवर हिरवट बुळबुळीत आलं तर बायोसाइड कमी पडलंय. पांढरी पूड आली तर कुठेतरी ॲल्युमिनियम शिरलंय. कपलिंग आणि फ्लो स्विच आधी तपासा, स्वस्त मालात आतली स्प्रिंगची बैठक ॲल्युमिनियमची निघते, वरून निकेल असल्यामुळे कळत नाही. एखादं फिटिंग कानशीने आतून खरवडलं तर खाली पिवळं दिसतं की पांढरं ते बघून घ्या, तेही सगळी बारा जोडी लावायच्या आधी.